निवड यादी, नकार आणि दडपण: शालेय बास्केटबॉल खेळणाऱ्यांसाठी व पालकांसाठी

बास्केटबॉलच्या संघात बारा खेळाडू असतात आणि एका वेळी मैदानावर पाचच उतरतात. शाळेच्या निवड चाचणीला चाळीस मुले आली, तर अठ्ठावीस जणांची नावे यादीत येत नाहीत. यादीत आलेल्या बारांपैकीही सात जणांचा बराचसा वेळ बाकावर जातो. त्यामुळे या खेळात नकार कधीतरी अपवादाने वाट्याला येत नाही, तो जवळजवळ प्रत्येकाला येतो. तरीही सरावात पासिंग, ड्रिबलिंग, ले-अप शिकवले जातात आणि यादीत नाव नसेल तेव्हा काय करायचे, हा विषय सहसा निघतच नाही.

यादीही एकदाच लागत नाही. शालेय स्पर्धांसाठी पिंपरी-चिंचवड महापालिकेचे क्षेत्र स्वतंत्र जिल्हा धरले जाते. निगडी, प्राधिकरण, यमुनानगर, आकुर्डी, चिंचवड इथल्या शाळा आधी आपसात खेळतात. जिंकलेला संघ पुणे विभागात पुणे शहर, पुणे ग्रामीण, सोलापूर आणि अहिल्यानगरच्या संघांसमोर उभा राहतो, पुढे राज्यातल्या आठ विभागांची स्पर्धा होते आणि त्यानंतर राष्ट्रीय शालेय स्पर्धेसाठी राज्याचा संघ निवडतात. हे सारे १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत, मुलांचे आणि मुलींचे वेगळे. बास्केटबॉल संघटनेची वाट निराळी आहे. भारतीय बास्केटबॉल महासंघाच्या राष्ट्रीय स्पर्धा १३, १६ आणि १८ वर्षांखालील गटांत होतात आणि राज्याच्या संघापर्यंत पोहोचायला जिल्हा, राज्य, सराव शिबिर असे टप्पे पार करावे लागतात. सहावीत खेळू लागलेली मुलगी बारावीपर्यंत टिकली, तर अशा डझनभर तरी याद्यांना तिला तोंड द्यावे लागते. त्या प्रत्येक यादीत नाव असलेला खेळाडू शोधून सापडणे कठीण.

निवड नेमकी कशाची होते

चाचणी फार तर एखाद्या दिवसाची असते. तेवढ्यात प्रशिक्षकाला उंची दिसते, वेग दिसतो, उडी दिसते, दोन-चार ले-अप आणि पाच विरुद्ध पाचच्या सामन्यातली काही मिनिटे दिसतात. बास्केटची कडी जमिनीपासून ३.०५ मीटरवर असते, त्यामुळे उंचीला या खेळात महत्त्व आहे हे मान्यच करायला हवे. पण तेराव्या वर्षीची उंची अठराव्या वर्षीच्या उंचीची हमी देत नाही. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत झपाट्याने वाढते, मुलांची चौदाव्या. त्या एका वर्षात मुली सुमारे ८ आणि मुले ९ ते १० सेंटिमीटर वाढतात. कोणाच्या बाबतीत हे वर्ष लवकर येते, कोणाच्या बाबतीत दोन वर्षे उशिरा. १४ वर्षांखालील चाचणीत शेजारी उभ्या असलेल्या दोघा मुलांपैकी एकाचे शरीर पंधरा-सोळा वर्षांचे आणि दुसऱ्याचे बारा वर्षांचे असू शकते, जन्मदाखले मात्र एकाच वर्षाचे.

जन्माचा महिनाही इथे निर्णायक ठरतो. वयोगटाची मर्यादा १ जानेवारीच्या जन्मतारखेपासून मोजतात. त्यामुळे ५ जानेवारीला जन्मलेला मुलगा आणि त्याच वर्षी २० डिसेंबरला जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळतात. त्या वयात साडेअकरा महिन्यांचा फरक शरीरात, ताकदीत आणि समजेत स्पष्ट जाणवतो. कॅनडातल्या आइस हॉकी खेळाडूंच्या जन्मतारखा १९८० च्या दशकात तपासल्या गेल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या ठळकपणे जास्त निघाली. पुढे फुटबॉल, बास्केटबॉल आणि इतर खेळांतही तेच आढळले. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलाच्या घरी हे माहीत असले पाहिजे. अनेक घरांत ते माहीत नसते आणि मुलाला ‘कच्चा’ ठरवून सगळे मोकळे होतात.

तिसरी गोष्ट संघाच्या गरजेची. चेंडू हाताळणारे चार चांगले गार्ड आधीच असतील आणि रिबाउंड घेणारा उंच खेळाडू एकच असेल, तर पाचवा गार्ड कितीही तयार असला तरी त्याची जागा एखाद्या उंच मुलाला जाते. मायकेल जॉर्डनची प्रसिद्ध गोष्ट मुळात अशीच आहे. ‘शाळेने त्याला संघातून काढले’ असे ती सर्रास सांगितली जाते, पण ते खरे नाही. १९७८ मध्ये विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कूलमध्ये तो पंधरा वर्षांचा आणि सुमारे पाच फूट दहा इंच उंच होता. मुख्य संघाला उंचीची गरज होती, म्हणून त्याच्याच वर्गातला साडेसहा फुटांहून उंच लिरॉय स्मिथ वर घेतला गेला आणि जॉर्डनला शाळेच्या दुय्यम संघात ठेवले गेले. तिथे तो पूर्ण हंगाम खेळला, भरपूर मिनिटे खेळला. पुढच्या वर्षापर्यंत त्याची उंचीही वाढली. अपमानामुळे पेटून उठण्याचा भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो. दुय्यम संघात त्याला वर्षभर खेळायला मिळाले, हा जास्त उपयोगाचा भाग सांगायचा राहून जातो.

अर्थात कधी कारण अगदी सरळ असते. डाव्या हाताने ड्रिबल येत नाही, डिफेन्समध्ये पाय हलत नाहीत, सरावाला दांड्या झाल्या. आपल्याला कोणते कारण लागू पडते हे कळल्याशिवाय पुढचे काही ठरवता येत नाही, आणि ते यादी लागली त्या संध्याकाळी कळत नाही.

पहिले दोन दिवस

हल्ली यादी शाळेच्या फलकावर लागण्याआधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते. बारा नावे, खाली अभिनंदनाचे अंगठे आणि फुले. आपले नाव नाही हे मुलाला कळते त्याच क्षणी ते इतर सगळ्यांनाही कळलेले असते आणि यातली लाज दुःखापेक्षा जास्त बोचते. रडू येणे, जेवण नको वाटणे, बूट कोपऱ्यात फेकणे, दुसऱ्या दिवशी शाळेला जायचे नाही म्हणणे, हे सगळे या वयाला धरून आहे. दोन दिवस ते होऊ द्यावे.

या दोन दिवसांत घरातून काही वाक्ये हमखास निघतात आणि ती टाळलेली बरी. ‘एवढं काय त्यात, खेळच आहे’ या वाक्याने मुलाला कळते की आपल्याला जे महत्त्वाचे वाटते ते घरात कोणाला वाटत नाही. ‘सरांनी पार्शालिटी केली’ हे ऐकायला बरे वाटते, पण ते मुलाच्या हातातला उपायच काढून घेते, कारण पक्षपातावर सराव हा इलाज नाही. ‘तो अमका तुझ्यापेक्षा बरा होता का?’ या प्रश्नाने निवडलेला मित्र शत्रू होतो. आणि ‘बरं झालं, आता अभ्यास तरी करशील’ हे वाक्य मुले वर्षानुवर्षे विसरत नाहीत.

चाकण, भोसरी, तळवडे इथल्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या घरांत बोलायला वेळही तुटपुंजा असतो. रात्रपाळी करून आलेले बाबा आणि शाळेला निघालेला मुलगा यांची गाठ दारातच पडते. अशा वेळी चौकशी करत बसू नये. ‘आईनं सांगितलं मला. वाईट वाटलं रे. रविवारी निवांत बोलू’ एवढे पुरते, मात्र रविवारी खरोखर बोलले पाहिजे.

त्या रात्री प्रशिक्षकाला फोन करू नये आणि ग्रुपवर काही लिहू नये. निवड झालेल्या मित्राला मुलाने स्वतः ‘अभिनंदन’ म्हणावे, जमल्यास दुसऱ्याच दिवशी. हे अवघड असते. पण उशीर झाला की दोघेही एकमेकांना टाळू लागतात आणि मग नकारासोबत मैत्रीही जाते.

सरांना काय विचारावे

दोन-तीन दिवसांनी प्रशिक्षकाशी बोलणे आवश्यक आहे आणि सातवीच्या पुढच्या मुलाने ते स्वतः बोलावे. आई-बाबांनी फार तर सोबत जाऊन बाजूला उभे राहावे. वेळ सरावाच्या आधीची किंवा नंतरची, सर मोकळे असतील अशी असावी. ‘सर, मला का नाही घेतलं?’ या प्रश्नावर प्रशिक्षकाला बचावाची भूमिका घ्यावी लागते आणि उत्तर गोल मिळते. त्याऐवजी असे विचारावे: ‘सर, पुढच्या चाचणीपर्यंत माझ्या खेळातल्या कोणत्या दोन गोष्टी सुधारू?’ दोनच. दहा गोष्टींची यादी कोणालाच पेलत नाही. त्यानंतर दुसरा प्रश्न: ‘मी सरावाला येत राहिलो तर चालेल का?’ अनेक शाळांत संघाबाहेरच्या मुलांना सरावाला येऊ देतात, कारण पाच विरुद्ध पाच खेळवायला दहा जण लागतात आणि बारांपैकी रोज कोणी ना कोणी गैरहजर असते. पण न विचारणाऱ्याला कोणी बोलावून घेत नाही.

उत्तर वहीत लिहून ठेवावे. ‘उंची कमी पडते’ असे उत्तर आले, तर ते मुलाच्या हातात नाही हे मान्य करून ‘मग या उंचीत मी संघाच्या कशा उपयोगी पडेन?’ असे पुढे विचारता येते. ‘डावा हात’, ‘दम’, ‘डिफेन्स’ अशी उत्तरे आली, तर ती सोन्यासारखी, कारण त्यांवर उद्यापासून काम सुरू करता येते. आणि उत्तर टोलवाटोलवीचे वाटले, तर दुसऱ्या जाणत्या माणसाचे, माजी खेळाडूचे किंवा दुसऱ्या प्रशिक्षकाचे मत घ्यावे. एका माणसाच्या एका दिवसाच्या मतावर पाच वर्षांचा निर्णय सोडू नये.

खेळायची मिनिटे वाचवणे

नकाराचे मोठे नुकसान मनाचे वाटते, पण हळूहळू वाढत जाणारे नुकसान वेगळे असते. निवड झालेल्या मुलाला पुढचे तीन महिने रोज सराव, मार्गदर्शन आणि सामने मिळतात. राहिलेल्याला काहीच मिळत नाही. पुढच्या वर्षीच्या चाचणीत दोघे पुन्हा शेजारी उभे राहतात, तेव्हा सुरुवातीला असलेला थोडासा फरक खूप मोठा झालेला असतो, आणि तो नैसर्गिक गुणवत्तेचा फरक आहे असे सगळे समजतात. म्हणून यादीत नाव नसलेल्या मुलाच्या घरात सर्वांत आधी सोडवायचा प्रश्न एकच: आठवड्यात तीन-चार वेळा ह्याला चेंडू हातात घेऊन, कोणाविरुद्ध तरी खेळायला कुठे मिळेल?

उपाय वाटतात त्याहून जास्त आहेत. शाळा सुटल्यावर कोर्ट वापरायची परवानगी चार मुलांनी मिळून मागितली तर बहुधा मिळते. चार मुले म्हणजे थ्री-एक्स-थ्रीचा एक पूर्ण संघ. या प्रकारात अर्धे कोर्ट पुरते, तीन विरुद्ध तीन खेळतात, एक बदली खेळाडू असतो, सामना दहा मिनिटांचा किंवा २१ गुणांपर्यंत आणि शॉट घ्यायला फक्त १२ सेकंद. टोकियो ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकमध्येही आहे. संघातला सातवा-आठवा खेळाडू पूर्ण सामन्यात जेवढा चेंडू हाताळतो, त्याच्या कितीतरी पट थ्री-एक्स-थ्रीच्या दहा मिनिटांत हाताळायला मिळतो. उशिरा वाढणाऱ्या मुलासाठी हा फार चांगला आसरा आहे. शाळेबाहेरचे क्लब आणि अकादमी हा दुसरा मार्ग. मात्र प्रवेश घेण्याआधी फक्त फी विचारून थांबू नये, कोणत्या गटातल्या मुलांना आठवड्याला किती वेळ प्रत्यक्ष खेळवतात हेही विचारावे.

शालेय हंगामाचा बराचसा भाग पावसाळ्यात आणि त्याच्या पाठोपाठ येतो. सिमेंटचे उघडे कोर्ट ओले असताना धावणे म्हणजे घोटा मुरगळून घेणे. अशा दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये वीस मिनिटे फक्त डाव्या हाताने ड्रिबल करावा, नजर वर ठेवून. हे एक काम वर्षभर केलेला मुलगा चाचणीत लगेच ओळखू येतो.

संघात नाव आहे पण खेळायला मिळत नाही, ही अवस्था यादीबाहेर राहण्याइतकीच कठीण आहे आणि तिच्याबद्दल कोणी सहानुभूती दाखवत नाही. बाकावरच्या खेळाडूने सामन्यात एक ठरावीक काम स्वतःकडे घ्यावे. आपल्या जागेवर खेळणाऱ्या विरोधी खेळाडूकडे पाहावे: तो कोणत्या हाताने आत घुसतो, दमल्यावर काय करतो, त्याचे फाउल किती झाले. पाच फाउलला खेळाडू बाहेर जातो, त्यामुळे बाकावरच्याची पाळी केव्हा येईल हे सांगता येत नाही. आली की बहुधा दोन-तीन मिनिटांचीच असते. त्या मिनिटांत गुण करून दाखवायची घाई करणारा खेळाडू चुकतो. डिफेन्सला झटून उभा राहिलेला, परत पळत येणारा, मोकळ्या साथीदाराला पास देणारा खेळाडू प्रशिक्षकाच्या नजरेत भरतो.

नकारानंतर एक उलटी चूकही होते. मूल इरेला पेटते, पहाटे धावते, संध्याकाळी शेकडो उड्या मारते, सिमेंटवर दोन-दोन तास एकटेच शॉट मारते. झपाट्याने उंची वाढण्याच्या काळात गुडघ्याच्या वाटीखाली, टाचेला दुखणे सुरू होण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. अमेरिकेतली व्यावसायिक लीग एनबीए आणि यूएसए बास्केटबॉल यांनी २०१६ मध्ये मुलांसाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत १२ ते १४ वर्षांच्या मुलांनी आठवड्यात दोन ते चार सराव करावेत, प्रत्येकी ६० ते ९० मिनिटांचे, आणि फार तर दोन सामने खेळावेत, असे सुचवले आहे. एकाच खेळाला वाहून घेणे निदान १४ व्या वर्षापर्यंत टाळावे, असेही त्यात आहे. किशोरवयात रोज ८ ते १० तास झोप लागते. सकाळची शाळा, दुपारचा क्लास, संध्याकाळचा सराव आणि रात्री मोबाइल असा दिवस असेल, तर आधी झोप कापली जाते आणि खेळ तिथूनच ढासळू लागतो.

सामन्यातले दडपण

दडपण सर्वांत उघडे पडते ते फ्री थ्रोच्या रेषेवर. खेळ थांबलेला असतो, घड्याळ थांबलेले असते, बोर्ड ४.६ मीटरवर असतो, समोर कोणी अडवणारा नसतो आणि सगळे पाहत असतात. पंचाने चेंडू दिल्यापासून पाच सेकंद मिळतात. सरावात डोळे मिटून बसणारा शॉट इथे हुकतो, कारण खेळाडू अचानक स्वतःच्या हाताकडे लक्ष देऊ लागतो: कोपर आत आहे का, मनगट वळले का. हजारो वेळा केलेली हालचाल अशी तुकड्या-तुकड्यांत तपासायला घेतली की बिघडते. म्हणूनच त्या क्षणी बाहेरून ‘कोपर आत!’ असे ओरडणारा पालक किंवा प्रशिक्षक मदत करत नसून अडचण वाढवत असतो.

उपाय म्हणजे प्रत्येक वेळी तोच क्रम. पाय रेषेवर नेहमीच्या जागी. चेंडू ठरावीक वेळा, समजा तीनदा, जमिनीवर आपटायचा. एक दीर्घ श्वास सावकाश सोडायचा, खांदे खाली. मग नजर कडीच्या एकाच बिंदूवर, पुढच्या कडेवर, स्थिर ठेवायची आणि शॉट सोडायचा. कॅलगरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनी १९९६ मध्ये फ्री थ्रो घेणाऱ्यांच्या नजरेचा अभ्यास केला, तेव्हा सरस नेमबाज शॉट सुरू करण्याआधी कडीवर अधिक वेळ नजर रोखतात, तर इतरांची नजर भिरभिरते असे दिसले. हा सगळा क्रम पाच सेकंदांत आरामात बसतो. सराव करताना मात्र सलग पन्नास फ्री थ्रो मारू नयेत. सामन्यात कधीच सलग पन्नास मिळत नाहीत. कोर्टाच्या दोन फेऱ्या पळायच्या, धापा टाकत रेषेवर यायचे, दोनच शॉट घ्यायचे, पुन्हा पळायचे. दहापैकी किती गेले ते वहीत लिहायचे आणि महिन्याने पाहायचे. एक चुकला तर सगळ्या संघाला पळायची शिक्षा, ही प्रथा काही ठिकाणी आहे. तिने मुलाला शॉटची भीती बसते, बाकी काही साधत नाही.

चुकण्याचे प्रमाणही मुलांना माहीत असावे. जगातल्या सर्वोत्तम लीगमध्ये, एनबीएत, खेळातून मारलेल्या शॉटपैकी निम्म्याहून अधिक हुकतात आणि फ्री थ्रोही शंभरातले वीस-बावीस जात नाहीत. पास विरोधकाच्या हातात गेला, सोपा ले-अप चुकला की मान खाली घालून उभे राहणे ही दुसरी चूक असते, कारण विरोधी संघ तोवर दुसऱ्या टोकाला पोहोचलेला असतो. साथीदारांनी आपसात एक शब्द ठरवून ठेवावा, ‘पुढचा!’ असा काहीही. तो ऐकला की मागे पळायचे, चर्चा नंतर.

लोक काय म्हणतील, हे दडपण मोठमोठ्यांचा खेळ बिघडवते. एनबीएतला विल्ट चेंबरलेन हा अतिशय ताकदीचा खेळाडू फ्री थ्रोमध्ये कच्चा होता. १९६१-६२ च्या हंगामात त्याने दोन्ही हातांनी खालून चेंडू टाकायची पद्धत घेतली. २ मार्च १९६२ रोजी त्याने एका सामन्यात १०० गुण केले, त्यात ३२ पैकी २८ फ्री थ्रो बसवले होते. पुढे ती पद्धत दिसायला बायकी वाटते या लाजेपायी त्याने सोडून दिली आणि त्याचे प्रमाण पुन्हा कोसळले. वेगळ्या लकबीने शॉट मारणाऱ्या मुलाला हसणाऱ्या संघाला ही हकिकत जरूर सांगावी.

घरातून येणारे दडपण

दहावी-बारावीत ठरावीक स्तरावर खेळलेल्या विद्यार्थ्यांना सवलतीचे क्रीडा गुण मिळतात आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. दोन्ही सवलती चांगल्या आहेत, पण त्यामुळे आठवीतल्या मुलाच्या प्रत्येक सामन्यामागे गुणांचा आणि नोकरीचा हिशेब उभा राहतो. बुटांचा, किटचा, अकादमीच्या फीचा, बालेवाडीच्या क्रीडा संकुलात ने-आण करण्याचा खर्च वारंवार बोलून दाखवला, की मूल हरल्यावर खेळाचे दुःख करत नाही, कर्जाचे ओझे वाहते. खर्च झेपत नसेल तर तो स्पष्ट सांगून कमी करावा. मुलाच्या कामगिरीतून त्याची वसुली करू नये.

सामना संपल्यानंतर घरी जाण्याचा प्रवास विशेष जपायचा असतो. निगडीच्या दिशेने परतणाऱ्या दुचाकीवर मागे बसलेल्या मुलाला बाबांचे विश्लेषण ऐकण्यावाचून गत्यंतर नसते. त्या अर्ध्या तासात खेळावर बोलायचेच असेल तर ते मुलाने सुरू करावे. ‘भूक लागली का?’ हा त्या वेळी विचारण्याजोगा प्रश्न आहे.

मुलींच्या वाट्याला आणखी एक दडपण येते. तेरा-चौदाव्या वर्षी शॉर्ट्स घालून खेळणे, पाळीच्या दिवसांत पांढरी जर्सी, उशिराचा सराव, बाहेरगावचा मुक्काम या कारणांनी चांगल्या खेळणाऱ्या मुली मुकाट गळतात आणि ‘तिला आवड राहिली नाही’ अशी नोंद होते. यातल्या बहुतेक अडचणी सोडवता येतात: गडद रंगाची शॉर्ट्स, आत घालायची लेगिंग, दोन-तीन मुलींनी मिळून येणे-जाणे, दौऱ्यावर महिला व्यवस्थापक. मुलीने हे बोलून दाखवण्याची वाट न पाहता आईने किंवा शाळेतल्या बाईंनी स्वतःहून विचारावे. पुण्याची शिरीन लिमये भारतीय महिला संघाची कर्णधार होऊ शकली, हे उदाहरण जवळचे आहे आणि मुलींना ते ठाऊक असायला हवे.

दडपण कुठे थांबवायचे

कडक प्रशिक्षक आणि छळणारा प्रशिक्षक यांत फरक आहे आणि तो मुलांना आधीच समजावून सांगावा. चुकीबद्दल ओरडणे, जास्त पळवणे, बाकावर बसवणे हे एका मर्यादेपर्यंत खेळाचा भाग आहे. मारणे, शरीरावरून किंवा जातीवरून बोलणे, दुखापत असताना खेळायला लावणे, एकटे बोलावणे, नको तिथे हात लावणे हे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी घातली आहे, आणि लैंगिक स्वरूपाच्या वर्तनासाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर मूल स्वतःही फोन करू शकते. ‘निवड जाईल’ या भीतीने मूल गप्प बसते, म्हणून ‘अशा वेळी निवड गेली तरी चालेल’ हे वाक्य त्याने घरात आधीच ऐकलेले असावे.

नकाराचे दुःख साधारणपणे आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते. दोन आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल किंवा मूल सतत झोपूनच असेल, जेवण तुटले असेल, मित्र टाळत असेल, सामन्याच्या आदल्या दिवशी दरवेळी पोटात दुखत असेल, छातीत धडधड होऊन श्वास अडकल्यासारखे वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जावे. ‘मी नसलो तरी काय फरक पडतो’ अशा अर्थाचे काही बोलले, तर दोन आठवडेही थांबू नये, त्याच दिवशी मदत घ्यावी आणि मुलाला एकटे सोडू नये. टेली-मानसची १४४१६ ही केंद्र सरकारची मोफत सेवा दिवस-रात्र चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते. पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, तिथल्या मानसोपचार विभागात दाखवता येते. मदत घेण्यात कमीपणा नाही. एनबीएतल्या क्लीव्हलँड संघाचा केव्हिन लव्ह ५ नोव्हेंबर २०१७ रोजी भर सामन्यात श्वास कोंडल्यासारखे होऊन मैदान सोडून गेला. तो भीतीचा झटका होता, हे त्याने मार्च २०१८ मध्ये स्वतः लिहून सांगितले, उपचार घेतले आणि पुढे अनेक वर्षे खेळत राहिला.

थांबायचे की नाही

काही मुले नकारानंतर खेळ सोडू म्हणतात. हा निर्णय यादी लागल्याच्या आठवड्यात घेऊ नये आणि कायमचा टाळूही नये. हंगाम संपेपर्यंत थांबावे, मग मुलाला विचारावे: संघात नाव येणार नाही असे आधीच माहीत असते, तरी तू संध्याकाळी खेळायला गेला असतास का? उत्तर ‘हो’ असेल तर पुढच्या हंगामाची आखणी करावी: कोणत्या दोन गोष्टी सुधारायच्या, कोणासोबत खेळायचे, कोणत्या गटात वय बसते. उत्तर ‘नाही’ असेल तर हँडबॉल, व्हॉलीबॉल, अ‍ॅथलेटिक्स असे खेळ आहेत, ज्यांत बास्केटबॉलने घडवलेली उडी, वेग आणि हाताची पकड थेट उपयोगी पडते.

खेळ आवडतो पण खेळाडू म्हणून जागा मिळत नाही, अशांसाठी टेबल अधिकाऱ्याचे काम आहे. प्रत्येक सामन्याला गुणलेखक, वेळाधिकारी आणि शॉट क्लॉक चालवणारा लागतो आणि शालेय स्पर्धांच्या दिवसांत हे जाणणाऱ्या माणसांची नेहमीच चणचण असते. गुणपत्रक भरायला नववी-दहावीची मुले काही दिवसांत शिकतात. पुढे संघटनेच्या पंच परीक्षेची तयारी करता येते, आणि पंचाला त्या कोर्टवर पूर्ण चाळीस मिनिटे धावायला मिळते.